‘दहा टक्क्यांच्या आत’ म्हणजे निर्दोष प्रबंध नव्हे

संशोधक विद्यार्थ्यांमध्ये एक सल्ला सर्रास फिरतो: प्रबंधातल्या मजकुराचे इतरांच्या लेखनाशी सॉफ्टवेअरने दाखवलेले साम्य दहा टक्क्यांच्या आत ठेवा, त्यासाठी शब्द बदला किंवा इंग्रजी मजकूर मराठीत आणा, शेवटी संदर्भसूची जोडा; मग वाङ्मयचौर्याचा आरोप होऊच शकत नाही आणि पदवी मिळाल्यावर कोणी विचारतही नाही. या सल्ल्यातला एकही भाग टिकत नाही.

दहा टक्क्यांचा आकडा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांतून आला आहे. त्यांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला किरकोळ मानून दंड ठेवलेला नाही, १० ते ४० टक्क्यांना सुधारित प्रबंध सादर करावा लागतो, ४० ते ६० टक्क्यांना वर्षभर तोही सादर करता येत नाही आणि ६० च्या पुढे नोंदणीच रद्द होते. परंतु दुसऱ्याचे काम किंवा कल्पना स्वतःची म्हणून मांडणे म्हणजे वाङ्मयचौर्य, ही व्याख्याही त्याच विनियमांत आहे, आणि कल्पना कोणाची हे सॉफ्टवेअरला कळत नाही; ते फक्त जुळणारे शब्द मोजते. शिवाय श्रेय देऊन घेतलेली अवतरणे आणि संदर्भसूची या मोजणीतून वगळण्याची तरतूद असल्यामुळे टक्केवारीच्या धास्तीने अवतरणचिन्हे काढून टाकणारा विद्यार्थी स्वतःचेच नुकसान करून घेतो.

शब्द बदलण्याचा उपाय सर्वांत घातक आहे, कारण तो प्रामाणिक मुलांनाही प्रामाणिक वाटतो. समजा, मूळ वाक्य असे आहे: ‘१९७२ च्या दुष्काळाने मजुरांच्या स्थलांतराचे स्वरूप बदलले, तोवर हंगामी असलेले स्थलांतर अनेक कुटुंबांसाठी कायमचे झाले.’ त्याचे ‘सन १९७२ मधील अवर्षणाने श्रमिकांच्या स्थलांतराचे रूप पालटले, आधी मोसमी असणारे स्थलांतर पुष्कळ परिवारांकरिता कायमस्वरूपी ठरले’ असे केले, तर साम्य शून्य दिसू शकेल, पण निरीक्षण, त्याचा क्रम आणि वाक्याची बांधणी पहिल्या लेखकाचीच राहते. पुस्तक मिटून, मुद्दा आपल्या युक्तिवादात कुठे बसतो हे ठरवून लिहिले आणि तिथेच त्या अभ्यासकाचे नाव, वर्ष व पृष्ठ दिले, तर लेखन आपले होते. टिपणे काढतानाच उतरवलेल्या ओळींना अवतरणचिन्हे आणि पृष्ठक्रमांक दिले नाहीत, तर काही महिन्यांनी आपली ओळ कोणती आणि पुस्तकातली कोणती हे टिपणे काढणाऱ्यालाही सांगता येत नाही.

भाषांतराबाबत वेगळे काही सांगण्याची गरज नाही: भाषा बदलल्याने विचाराचा धनी बदलत नाही. विकिपीडियावरील मजकूरही सर्वांना वापरता येतो तो श्रेय देण्याच्या अटीवरच.

संदर्भसूचीबद्दल मात्र गैरसमज खोल आहे. चाळीस पुस्तकांची यादी शेवटी दिल्याने तिसऱ्या प्रकरणातला विशिष्ट परिच्छेद कुठून आला हे वाचकाला समजत नाही. ते त्या परिच्छेदातच सांगावे लागते. मार्गदर्शकांनी पहिल्याच प्रकरणाच्या कच्च्या खर्ड्यात हे तपासले, तर पुढचा बराच मनस्ताप टळेल.

राहिला पदवीनंतरचा प्रश्न. पदवी दिल्यानंतर वाङ्मयचौर्य सिद्ध झाले, तर ती स्थगित ठेवण्याची तरतूद याच विनियमांत आहे. आणि प्रबंध आता केवळ ग्रंथालयाच्या कपाटात राहत नाहीत. ‘शोधगंगा’ या भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात ठेवलेला प्रबंध ज्याचा मजकूर उचलला तो अभ्यासकही उघडून वाचू शकतो.