सरसकट प्लेट नको

तुमच्या लेखात म्हटलंय की जबड्याच्या सांध्याचं हाड मोडलं तर आता ऑपरेशन करून धातूची प्लेटच बसवावी, वरचे-खालचे दात तारेने एकत्र बांधून जबडा बंद ठेवणं जुनं झालं. हे सरसकट विधान पटलं नाही. मी ठाण्यात याच क्षेत्रात काम करते. पावसाळ्यात घोडबंदर रोडवर बाईक घसरून हनुवटीवर आपटलेले पेशंट येतात. फुटलेल्या हनुवटीला टाके पडतात आणि कानापुढचं, म्हणजे याच सांध्याचं, मोडलेलं हाड कधीकधी नजरेतून सुटतं.

मोठ्या माणसाचं हाड फार वाकलं असेल, त्या बाजूच्या जबड्याची उंची कमी होऊन दात जुळत नसतील, तर प्लेटचा फायदा खरंच आहे. पण तिथे चेहऱ्याची नस जवळ असते. ऑपरेशननंतर डोळा मिटणं, ओठ हलणं काही काळ मंदावू शकतं, याबद्दल लेखात अवाक्षर नाही.

आणि लहान मुलं? त्यांचं हाड वाढीबरोबर पुन्हा घडत जातं, त्यामुळे बहुतेकदा ऑपरेशन लागतच नाही. मऊ आहार, गरज पडलीच तर थोडे दिवस वरच्या-खालच्या दातांना जोडणारे रबर, आणि लवकर तोंड उघडण्याचा व्यायाम. जबडा आठवडेच्या आठवडे बांधून ठेवला तर सांधा जखडण्याची भीती असते.

व्यायाम मात्र लोक हमखास टाळतात. आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या, जमेल तशी एकेक वाढवायची. मोठ्यांचं तोंड स्वतःची तीन बोटं उभी मावतील इतकं, साधारण 35 ते 40 मिलिमीटर उघडायला हवं.

संपादकांना विनंती, मुलांविषयीचा भाग लेखात जोडाच. आईवडील असं काही वाचून फार घाबरतात.