पंधरा पॉइंटनी जिंकलेली मॅच

काल ऑफिसमधे एकाने विचारलं, तू इतकी वर्षं मिशिगन युनिव्हर्सिटीच्या कॉलेज फुटबॉलच्या (अमेरिकन फुटबॉल, हातात बॉल घेऊन पळतात तो) मागे आहेस, सगळ्यात लक्षात राहिलेली मॅच कुठली? मी लगेच म्हटलं 27 नोव्हेंबर 2021, ओहायो स्टेट. तर म्हणे अरे ती 42-27 होती, पंधरा पॉइंटनी, त्यात थरार कुठे होता. तेव्हापासून डोक्यात घोळतंय म्हणून लिहितोय, लांबणार आहे.

टीव्हीवर ग्रेट मॅचेसच्या याद्या येतात त्यात सगळं शेवटच्या सेकंदाचं असतं. तसलं मी डोळ्यांनी बघितलंय. 17 ऑक्टोबर 2015, मी तेव्हा मिशिगनमधे एमएसला, स्टुडंट सेक्शनमधे उभा. मिशिगन स्टेटविरुद्ध आम्ही 23-21 ने पुढे, दहा सेकंद राहिलेले, बॉल फक्त लांब मारायचा की संपलं. आमच्या पंटरच्या, म्हणजे लाथ मारणाऱ्याच्या, हातातून बॉल निसटला, त्यांच्या पोराने उचलला आणि थेट टचडाऊन, म्हणजे बॉल आमच्या टोकाच्या रेषेपार, 27-23. लाखाच्या वर माणूस आणि सगळं चिडीचूप, फक्त हिरवे कपडेवाले नाचतायत. (ज्याने तो टचडाऊन केला त्याचा जल्लोषात अंगावर पडलेल्या पोरांच्या ढिगाऱ्यात खुबा मोडला, हे नंतर कळलं आणि खरंच वाईट वाटलं. शेवटी पोरंच ती, विशीतली.) ती मॅच मरेपर्यंत विसरणार नाही. पण त्या दिवसाने मला मिशिगनचा केला तो थरारामुळे नाही, त्या हरण्यामुळे.

कारण लक्षात राहायला आधीची काहीतरी उधारी थकलेली लागते. 2013 ची ऑबर्न-अलाबामा घ्या. घड्याळात एक सेकंद परत टाकला, अलाबामाची किक तोकडी पडली आणि ख्रिस डेव्हिस ती झेलून अख्खं मैदान पळाला, 34-28, हे सगळं जग सांगतं. पण ऑबर्नवाल्याला विचारा, तो आदल्या वर्षीच्या 49-0 पासून सुरुवात करेल. आणि ऑबर्नमधल्या टूमर्स कॉर्नर चौकातल्या त्या ओकच्या झाडांपासून, जी अलाबामाच्या एका फॅनने विष घालून मारली होती. ते सगळं त्या एका धावेत वसूल झालं.

आमच्या कोल्हापुरात ह्याला ईर्षा म्हणतात. पुस्तकातला मत्सर नव्हे, आमची ईर्षा वेगळी, पाटाकडील आणि दिलबहार हे आमचे फुटबॉलचे संघ समोरासमोर आले की शाहू स्टेडियमवर जी असते ती. मिशिगन-ओहायोची 1897 पासूनची आहे. आणि 2011 नंतर आम्ही एकदाही जिंकलो नव्हतो. 2016 ला दोन ओव्हरटाइम खेळून 30-27 ने हरलो, चौथ्या डाऊनला, म्हणजे बॉल पुढे न्यायच्या शेवटच्या प्रयत्नाला, त्यांचा माणूस नेमका कुठे पडला ह्यावर इथे अजून वाद होतात. 2018 ला 62 पॉइंट खाल्ले, 2019 ला 56. 2020 ची कोविडने रद्द.

2021 ला बाबा नेमके इकडे आलेले. बर्फ पडतोय, त्यांना दोन स्वेटर आणि वर माझं जॅकेट चढवून नेलं. मी नियम समजवायला लागलो, चार डाऊन, दहा यार्ड वगैरे, तर म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे. किती वर्सं मार खाल्लाय ह्यांनी?" म्हटलं दहा. "मग आज कळतंय बघ," एवढंच बोलले आणि सरसावून बसले. हसन हॅस्किन्सने त्या दिवशी पाच टचडाऊन केले, पाच! पाचव्याला शेजारच्या सीटवरचे एक म्हातारे गृहस्थ बाबांचा हात धरून रडायलाच लागले, ते इंग्लिशमधे काहीतरी सांगतायत, बाबा मराठीत "व्हय व्हय, झालं आता, झालं" म्हणतायत, आणि दोघांना एकमेकांचं सगळं कळतंय. मॅच संपल्यावर पब्लिक मैदानात उतरलं, वरून बर्फ, खाली पिवळं-निळं, हिरवळ दिसेना.

नंतर 22, 23, 24 लाही ओहायोला हरवलं. जानेवारी 2024 मधे नॅशनल चॅम्पियनशिपही जिंकलो, आनंद झालाच, खूप झाला. तरी विचाराल तर मी 21 च सांगणार.

म्हणूनच आता कॉन्फरन्स (कॉलेज संघांचे गट) बदलाबदलीत, टीव्हीच्या पैशापायी जुन्या जोड्या तोडतायत ते बघून जीव जळतो. ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेट शंभरावर वर्षं खेळत होते, 2023 नंतर बंद. टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम 2011 ला तुटले ते थेट 2024 ला भेटले, मधल्या काळात कितीतरी पोरं त्या मॅचशिवाय कॉलेज संपवून गेली. नवीन तगडा विरोधी आणाल हो, पण शंभर वर्षांची उधारी कुठून आणणार? आणि स्टेडियममधे शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याला रडू कशाचं येणार?

बाबांना डाऊन म्हणजे काय ते अजून माहीत नाही. पण थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात कोल्हापूरहून फोन येतोच, आधी नातवाची चौकशी आणि मग, "ओहायोची कधी हाय रे?"