निर्यातक्षम चिरंजीव

आपण रावेर, यावल किंवा चोपडा तालुक्यात राहत असाल, चार-सहा एकर बागायत असेल आणि घरात बारावी विज्ञानाला बसलेला मुलगा किंवा मुलगी असेल, तर देशाच्या परकीय गंगाजळीत भर घालण्याची जबाबदारी आपल्यावर येऊन पडली आहे, हे आधी ध्यानात घ्यावे. आपल्या केळीचे आखाती देशांतून जे काही डॉलर येतात ते येवोत. खरी निर्यात ती नव्हे. २०२३-२४ या आर्थिक वर्षात भारताने सुमारे २०० अब्ज डॉलरच्या माहिती-तंत्रज्ञान सेवा परदेशांना विकल्या आणि या उद्योगात सुमारे ५४ लाख माणसे कामाला होती. या ५४ लाखांत आपल्या घरचे कोणीच नसेल, तर हळदीच्या मांडवात चारचौघांसमोर आपल्याला कोणत्या प्रश्नाला तोंड द्यावे लागते, हे आपण जाणताच. सबब हे मार्गदर्शन.

विकायचे काय, हे आधी समजून घ्यावे. बहुतेक पालकांची अशी कल्पना असते की आपला मुलगा एखादी वस्तू घडवील, तिच्यावर नाव घालील आणि अमेरिका ती विकत घेईल. ही कल्पना मुलाच्या प्रवेशाआधीच सोडून दिलेली बरी. मोठ्या प्रमाणावर विकले जातात ते तास. परदेशातील एखाद्या विमा कंपनीची किंवा बँकेची जुनी प्रणाली सांभाळणे, तिच्यातील दोष काढणे, ती रात्री-अपरात्री बंद पडू न देणे, आणि या सेवेबद्दल माणशी, तासाप्रमाणे किंवा महिन्याप्रमाणे दर लावणे, असे या व्यापाराचे साधे स्वरूप आहे. त्या तासांतून जे तयार होते त्याची मालकी ग्राहकाची असते. आपल्याकडे घडवून नावानिशी विकलेली सॉफ्टवेअर म्हणजे टॅली झाले, झोहो झाले, बँकांमध्ये चालणारे फिनॅकल झाले. परंतु हे अपवाद आहेत, आणि अपवादांवर लग्ने जुळत नाहीत.

हा व्यापार आपोआप वाढला, असे कोणी सांगितल्यास मान डोलवावी आणि विश्वास ठेवू नये. सत्तरच्या दशकात देशाकडे परकीय चलनाचा खडखडाट होता आणि परदेशी संगणक आणायचा असेल, तर त्या बदल्यात सॉफ्टवेअर निर्यात करून डॉलर मिळवून देण्याची अट सरकार घालत असे. म्हणजे निर्यात हा हेतू नव्हता, यंत्राची किंमत फेडण्याचा तो मार्ग होता. पुढे १९८५ मध्ये टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकी कंपनीने बंगळुरूला केंद्र उघडले, काम उपग्रहावरून परदेशी पाठवता येते हे दिसले, आणि १९९१ मध्ये सरकारने सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ही संस्थाच स्थापन केली. उपग्रहाची जोडणी सरकारची, यंत्रांच्या आयातीवरील शुल्क माफ, निर्यातीच्या नफ्यावरील प्राप्तिकरही माफ. ही सवलत मार्च २०११ पर्यंत चालली. त्याच देशात ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क बसले आणि डिसेंबरात निर्यातच बंद झाली, कारण शहरात कांदा महाग झाला होता. साक्री किंवा शिंदखेड्याच्या कांदेवाल्याने यातून योग्य तो बोध घ्यावा. पुण्यात प्रोग्रामर महाग झाले म्हणून त्यांची निर्यात थांबवल्याचे आजवर ऐकिवात नाही. शहरातील माणूस जे रोज खातो ते पिकवणे हा निर्यातदाराचा पहिला दोष होय.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस या धंद्याला खरी बरकत आली ती एका जुन्या काटकसरीमुळे. अमेरिकेतील संगणकांत स्मृती महाग होती, तेव्हा तारखेतील वर्षाचे शेवटचे दोनच अंक साठवण्याची पद्धत पडली होती. २००० साल उजाडताच यंत्रांना ते १९०० वाटेल, या भीतीने लाखो ओळी पुन्हा तपासण्याचे काम निघाले आणि ते कंटाळवाणे काम करण्यास आपली मुले हजर होती. श्रीमंतांची काटकसर निस्तरण्यास गरिबांनी सदैव तयार असावे, यासारखी किफायतशीर तयारी दुसरी नाही.

आता अमळनेर. खानदेशाने या उद्योगाला काय दिले, असे पुण्यातील कोणी हसत हसत विचारले, तर त्याला बोरी नदीच्या काठी घेऊन यावे. १९४५ मध्ये मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी अमळनेरला वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स या नावाने वनस्पती तुपाची कंपनी काढली. पुढे तेथे ७८७ नावाचा कपडे धुण्याचा साबणही निघू लागला. १९६६ मध्ये वडील वारले म्हणून २१ वर्षांचे अझीम प्रेमजी स्टॅनफर्डचे शिक्षण अर्धवट सोडून परतले. पुढे सरकारशी भागभांडवलाच्या प्रश्नावर न पटल्याने आयबीएम या अमेरिकी संगणक कंपनीने भारतातून गाशा गुंडाळला, बाजारात जागा रिकामी झाली आणि ऐंशीच्या दशकाच्या आरंभी तूप-साबणाची ही कंपनी संगणकांकडे वळली. तिच्याच लांबलचक नावातून विप्रो हे नाव आले. मुख्यालय मात्र बंगळुरूला गेले.

ज्या गावात प्रताप शेठांची कापडगिरणी होती, त्यांनीच उभे केलेले तत्त्वज्ञान मंदिर होते आणि ज्या गावच्या शाळेत साने गुरुजी शिकवून गेले, त्या गावाला विद्या, भांडवल वा रेल्वे यांपैकी कशाची वाण होती, हे सांगणे अवघड आहे. उद्योग अभियंते असतात तेथे जातो आणि अभियंते उद्योग असतो तेथे जातात. बंगळुरूला भारतीय विज्ञान संस्था होती, विमानांचा आणि दूरध्वनीचा सरकारी कारखाना होता, म्हणून हे चक्र तेथे आधीच फिरत होते. जळगावच्या एमआयडीसीच्या वाट्याला चटया, डाळ आणि पाइप आले. या वस्तू निदान येथेच बनतात, एवढा कमीपणा सोसावा लागतो.

अमळनेरला मिळाले ते कागद. कंपनीचे शेअर सुरुवातीच्या काळात गावातील आणि आसपासच्या अनेकांनी घेतले होते. त्यांतील ज्यांनी ते विकले नाहीत, किंवा विकायचे विसरले, त्यांच्या ट्रंकेतील कागदांना बोनस आणि विभाजनाने पिढीजात पालवी फुटत गेली आणि पाहता पाहता घरे कोट्यधीश झाली. यांतील कित्येकांनी संगणकाला हात लावला नव्हता. हात लावला तो दुसऱ्या घरातील मुलांनी, ज्यांच्या आजोबांनी शेअर विकून विहीर खोदली. या उद्योगात राबणाऱ्यापेक्षा थांबणाऱ्याचे अधिक भले होते, हे इतक्या स्वच्छपणे दुसऱ्या कोणत्याही तालुक्याने दाखवून दिलेले नाही. त्यामुळे आमचा मुख्य सल्ला असा की आपण १९४७ च्या सुमारास थोडेसे शेअर घ्यावेत आणि स्वस्थ बसावे. ज्यांचे आजोबा या बाबतीत कमी पडले, त्यांनी पुढे वाचावे.

मुलाची लागवड करताना शाखेचा फार विचार करू नये. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडल्यापासून जागांचा तुटवडा राहिलेला नाही. मेकॅनिकल घ्या, सिव्हिल घ्या. कंपनी आली की सर्वांना एकाच हॉलमध्ये बसवून तीच परीक्षा घेते आणि निवडलेल्यांना पुढे स्वतःच काही महिने शिकवते. म्हणजे चार वर्षांत जे शिकवले त्याला ती फारसे महत्त्व देत नाही. हे आपल्याला खटकू नये, कारण केळीचा व्यवहार आपल्या अंगवळणी पडलेला आहे: घड हिरवा असतानाच कापायचा, पिकवायचा दुसऱ्याने आणि भाव वाचायचा बऱ्हाणपूरच्या बोर्डावर. चिरंजीवांनाही कच्चेच कापावे. झाडावर पिकू दिले, तर त्यांना स्वतःची मते येतात आणि मग ते पेटीत नीट बसत नाहीत.

फीसाठी पीककर्ज काढावे. ते पिकासाठी असते हे खरे, पण मुलगा हेही पीकच आहे आणि याला करपा येत नाही. पदवीनंतर कंपनी आलीच नाही, तर जळगावहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने त्याला पुण्याला पाठवावे. तेथे जावा, टेस्टिंग आणि हमखास नोकरी एकाच फलकावर लिहिलेले क्लास आहेत. चार मुले एका खोलीत राहतील, मेसला नावे ठेवतील आणि घरून शेवभाजीचा मसाला व कळण्याचे पीठ मागवतील. हा खर्च भांडवली समजावा. कंपनीने निवड केली आणि रुजू होण्याची तारीख सहा महिने, वर्षभर कळवलीच नाही, तर काळजी करू नये; नातेवाइकांना नियुक्तिपत्र दाखवता येते आणि त्यावर पगाराचा आकडा वार्षिक लिहिलेला असतो.

त्या आकड्याविषयी थोडे गणित करणे भाग आहे. निर्यात आणि देशी बाजार मिळून २०२३-२४ मध्ये या उद्योगाची उलाढाल सुमारे २५४ अब्ज डॉलर होती. तिला ५४ लाखांनी भागले, तर माणशी ४७ हजार डॉलर, म्हणजे जवळपास ३९ लाख रुपये पडतात. नव्याने लागलेल्या अभियंत्याला मोठ्या सेवा-कंपन्या वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास देतात आणि गेल्या दहा-बारा वर्षांत हा आकडा जागचा फारसा हललेला नाही, जरी त्या काळात फी हलली, खोलीभाडे हलले आणि डॉलरचा भावही हलला. सरासरीत परदेशात बसलेल्यांचे पगार येतात, वरिष्ठांचे येतात, इमारती आणि विक्रीचा खर्च येतो, हे न्यायाने सांगितले पाहिजे. तरीही डॉलर महाग झाला की फायदा कोणाला होतो, हा प्रश्न मुलाने विचारू नये. शेतकऱ्याच्या मुलाला ही शिकवण वेगळी द्यावी लागत नाही. ग्राहक बाजारात डझनाला काय देतो आणि आपल्या हातात क्विंटलला काय पडते, हे त्याने लहानपणापासून पाहिलेले असते.

नोकरी लागल्यावर त्याला हिंजवडीला पोहोचायला किती वेळ लागतो, हे विचारून त्याला दुःखी करू नये. अमेरिकेचा दिवस उगवतो तेव्हा आपल्याकडे संध्याकाळ होते, म्हणून बैठका रात्री असतात. आपल्या पंपालाही थ्री-फेज वीज रात्रीच मिळत आली असल्याने ही अडचण घराण्याला नवी नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिस कंपनीचे सहसंस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे सुचवले, तेव्हा शहरात मोठी खळबळ उडाली. आपल्या बांधावर कोणाला नवल वाटले असेल, असे वाटत नाही. नवल वाटलेच असेल तर ते या कामाला आठवड्याचा हिशेब असतो, याचेच. नोकरी सोडायची झाल्यास पुष्कळ ठिकाणी ९० दिवस आधी कळवावे लागते. कंपनीने त्याला सोडायचे झाल्यास एक दुपार पुरते.

मुलगा अमेरिकेला जाईलच, अशी जाहीर वाच्यता तूर्त टाळावी. एच-वन-बी या तेथे नोकरी करण्याच्या व्हिसाचे वर्षाचे ६५ हजार आणि तेथील उच्च पदवीधरांसाठी आणखी २० हजार परवाने असतात. अर्ज जास्त आले की सोडत निघते. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर केले. ही रक्कम मालकाने भरायची आहे, आणि जो मालक पुण्यात साडेतीन लाखांत माणूस मिळतो म्हणून आला, तो त्याच माणसाला तिकडे नेण्यासाठी ८५-९० लाख मोजील काय, याचा विचार आपण शांतपणे करावा.

राहिला कृत्रिम बुद्धिमत्तेचा विषय. यंत्राने तासाचे काम दहा मिनिटांत केले, तर वस्तू विकणाऱ्याला आनंद होतो, कारण वस्तू लवकर तयार झाली. तास विकणाऱ्याला होत नाही, कारण त्याचा मालच कमी झाला. पन्नास वर्षे आपण निष्ठेने तास विकले आणि आता ग्राहक म्हणतो की तास कमी लावा. २०२५ च्या जुलैमध्ये देशातील सर्वांत मोठ्या आयटी कंपनीने सुमारे १२ हजार माणसे, म्हणजे मनुष्यबळाचे साधारण दोन टक्के, कमी करण्याचे जाहीर केले. त्यात प्रामुख्याने मधल्या आणि वरच्या फळीतील होते, म्हणजे ज्यांचे फ्लॅटचे हप्ते अजून निम्मेही फिटलेले नसतात असे.

तेव्हा चिरंजीव लॅपटॉप न घेता घरी आले, तर गावात ‘वर्क फ्रॉम होम’ असे सांगावे. लॅपटॉप परत घेतला आहे, हे कोणी तपासत नाही. स्थळ पाहणे थांबवू नये. बायोडाटात गेल्या वर्षीचे पॅकेज लिहावे, पुण्याच्या फ्लॅटचा पत्ता लिहावा आणि व्यवसायाच्या रकान्यात शेतीचा उल्लेख करू नये, कारण शेती करणारा जावई कोणालाच नको आहे. शेत मात्र सर्वांनाच हवे असते, म्हणून सातबारा विचारला जाईल. तो देण्यास हरकत नाही. ‘इतर अधिकार’ या रकान्यात पीककर्जाचा बोजा दिसतो. झेरॉक्स काढताना तेवढा भाग आत दुमडावा.