आत्या आणि अडकित्ता

पुण्यात घर असलं की मे महिना अंगावर येतो. पाहुणे येतात, तीन दिवसांत शनिवारवाडा, सारसबाग, पर्वती उरकते आणि चौथ्या दिवशी पोहे खाता खाता कुणीतरी विचारतं, "मग आज काय?" आमच्याकडे उत्तर ठरलेलं आहे. केळकर म्युझियम. बाजीराव रस्त्याला लागून आहे, आत ऊन नाही आणि दोन तासांत पाहुणा दमून मुकाट जेवायला घरी येतो. यंदा मात्र वाईहून आत्या आली.

"मेल्या राजांच्या तलवारी बघून मी काय करू?" आत्या म्हणाली.

"अगं, तलवारी कमी, भांडीच जास्त," मी म्हणालो. तिथेच फसलो.

पहिल्याच कपाटापाशी आत्या थबकली. आत समई. "ही आपल्याकडे होती." पुढे सोऱ्या. "हाही होता. तुझ्या आईनं मोडीत घातला आणि स्टीलचं पातेलं आणलं. महिन्यात बूड सुटलं त्याचं." पुढे कोरीव दाराची चौकट. "ही नव्हती. पण असली असती तर तुझ्या काकानं बंबात घातली असती."

या संग्रहात वीस हजारांवर वस्तू आहेत, पण मांडलेल्या अडीच हजारांच्या आसपास. मी मनात हिशेब केला. एकेका वस्तूला एक मिनिट धरलं तरी एक्केचाळीस तास. आत्या एका मिनिटात कधीच आटपत नव्हती. वज्रीपाशीच तिनं दहा मिनिटं काढली. टाच घासायची पितळी वज्री, खाली खरखरीत, वर धरायला नक्षीचा पक्षी. आत्यानं काचेबाहेरूनच हवेत टाच घासून दाखवली, एका हातानं माझा खांदा धरून. तोवर मागे एका शाळेची सहल येऊन उभी राहिली होती. मुलांना वाटलं गाइड आहे. एकानं वहीत लिहून घेतलं.

मग तिनं विचारलं, "हे एवढं जमवलं कुणी?" मी सांगितलं, दिनकर केळकरांनी. चष्म्याचं दुकान होतं त्यांचं. 'अज्ञातवासी' नावानं कविताही करायचे. मुलगा लहानपणीच गेला, राजा नाव त्याचं, म्हणून संग्रहालयाला त्याचं नाव. १९७५ साली सगळा संग्रह सरकारच्या स्वाधीन केला. आत्या जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आणि बायको?" म्हटलं, कमलाबाईंचीही साथ होती. "तरीच," आत्या म्हणाली, "नाहीतर एखाद्या दिवाळीत माळा आवरला असता की संपलं."

मगरीच्या कातड्याच्या चिलखतापुढे मात्र ती पहिल्यांदाच नुसती बघत उभी राहिली. "हे नव्हतं हो आपल्याकडे," असं जरा नाइलाजानंच म्हणाली. मला वाटलं, आता सुटलो. कोथरूडचा मस्तानी महाल इथे आणून उभा केलाय, तो दाखवावा आणि रिक्षा करावी.

पण त्याआधी अडकित्ते लागले.

पितळी, लोखंडी, घोड्याचे, पोपटाचे, एकात तर बाई आणि बुवा असे जोडीनं उभे, की मिटला की जवळ येतात. आत्या एकेक बघत सरकत होती. एका साध्याशा, घोड्याच्या तोंडाच्या अडकित्त्यापाशी थांबली.

"अगदी हाच. आप्पांचा. कुणी नेला, देव जाणे."

माझ्या पाठीतून घामाची धार गेली. कारण देवाखेरीज हे मलाही ठाऊक होतं. आठ वर्षांचा असताना एका दुपारी, सगळे झोपलेले असताना, मी तो भंगारवाल्याला दिला आणि त्या पैशाची कुल्फी खाल्ली. एकट्यानं. दोन. आप्पांना संशय शेजारच्या भाऊंचा, कारण सुपारीला रोज तेच यायचे. पुढे आप्पा गेले तोवर दोघांमध्ये शब्द नव्हता. एका लग्नात तर दोघं पाठीला पाठ लावून जेवले.

"भाऊच असतील," मी काचेकडे बघत म्हणालो. काचेत माझंच तोंड दिसत होतं, बरोबर घोड्याच्या तोंडावर.

"असतील," आत्या म्हणाली.

त्यानंतर मी तिला काही घाई केली नाही. उरलेल्या सगळ्या दिव्यांचा, कुलपांचा, दौतींचा मोडीतला इतिहास मान हलवत ऐकला. मस्तानी महालात तर मीच म्हणालो, "आत्या, बस जरा."

बाहेर आलो तेव्हा कोपऱ्यावर कुल्फीची गाडी होती. मी नजर चुकवून रिक्षाला हात करत होतो. आत्यानं कमरेचा बटवा सोडला, शंभराची नोट काढून माझ्या हातात कोंबली.

"जा, घे दोन. आता घरात द्यायला अडकित्ता काही उरलेला नाही."