रक्ताच्या कॅन्सरचा डॉक्टर आपल्या भागातून का घडू नये?

नीटचा निकाल लागला की खानापूर, निपाणी, बेळगावातल्या आमच्या घरांत चर्चा सुरू होते: पोरगं पुढं काय करणार? रेडिऑलॉजी, स्किन, ऑर्थो. रक्ताच्या कॅन्सरचा डॉक्टर व्हायचंय म्हणणारं पोर मला अजून भेटलं नाही. दोष पोरांचा नाही. हा डॉक्टर नेमकं करतो काय, हेच आपल्याकडं कुणी सांगत नाही.

मला कळलं ते अण्णामुळं. थोरल्या भावाला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर झाला आणि भावंडांत एचएलए, म्हणजे पेशींवरची ओळखखूण, जुळलं ते माझं. सख्ख्या भावंडाशी ते पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक. बोनमॅरो, म्हणजे हाडातल्या मगजाचं ट्रान्सप्लांट हे मोठं ऑपरेशन असंच घरात सगळ्यांना वाटत होतं. ऑपरेशन नसतंच. आधी मला इंजेक्शनं दिली, त्यानं कंबरेची हाडं ठणकली. मग मशीनला जोडून रक्तातल्या स्टेम सेल, म्हणजे नवं रक्त बनवणाऱ्या पेशी, काढून घेतल्या. मध्येच ओठांना मुंग्या आल्या, तेव्हा सिस्टरनी कॅल्शियम दिलं. अण्णाला ती लाल पिशवी शिरेतून चढवली, बास.

डॉक्टरांचं खरं काम त्यानंतरचं. केमोनं अण्णाच्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्या होत्या. नव्या पेशी रुजायला साधारण दोन-तीन आठवडे लागतात, तोवर किरकोळ जंतूही जिवावर बेततो. डॉक्टर सकाळी आधी रिपोर्ट बघायचे. मग अण्णाचे तळहात उलटेपालटे करून पुरळ शोधायचे, तोंडात बॅटरी मारायचे, जुलाब किती झाले विचारायचे. कारण माझ्याच पेशी अण्णाच्या कातडीवर, आतड्यावर, लिव्हरवर उठू शकतात. ते दाबायला औषध वाढवलं तर इन्फेक्शनची भीती. हे रोज नव्यानं जोखायचं! इथं हुशारीपेक्षा चिकाटी लागते, हे माझं ठाम मत आहे.

डॉ. सुरेश अडवाणींचं नाव आपल्या प्रत्येक सायन्सच्या पोराला माहीत असायला हवं. लहानपणी पोलिओ झालेला, व्हीलचेअरवरून डॉक्टरकी शिकले, आणि 1983 मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये भारतातलं पहिलं यशस्वी बोनमॅरो ट्रान्सप्लांट त्यांनी केलं.

डिस्चार्जनंतरही सुटका नसते. पहिले शंभर दिवस हॉस्पिटलच्या जवळच राहा म्हणतात, म्हणजे परक्या शहरात भाड्याची खोली. पेशी कमी असताना ताप आला तर तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक जायला हवं, आणि खानापूरहून मुंबई म्हणजे अख्ख्या रात्रीचा प्रवास. म्हणून हे शिकून बेळगावात परत येणारी, पेशंटच्या आईशी मराठीत आणि शेजारच्या खाटेवरच्या अज्जाशी कन्नडमध्ये बोलणारी आपली माणसं हवीत. जितकी येतील तितकी थोडीच.

एमबीबीएस साडेपाच वर्षं, एमडी तीन, त्यावर डीएम हेमॅटॉलॉजी, म्हणजे रक्ताच्या आजारांचं खास शिक्षण, आणखी तीन. तिशी गाठतेच. पोरगी असली तर मध्येच स्थळं यायला लागतात आणि "एमडी झालीस की, आता बास" असं घरचेच म्हणतात. त्या आई-वडिलांना माझी हात जोडून विनंती आहे, ती तीन वर्षं तिला द्या. आणि मामा-काकांनो, लोनला जामीन लागला तर सही करायला पुढं या.