गुहागरची लेक, श्रीवर्धनची सून आणि ‘ध’ चा ‘मा’

गणपतीत घरी होते, म्हणून इकडे फिरकले नाही. आज लिहिते. लांबेल, आधीच सांगते.

माझं माहेर गुहागर, सासर श्रीवर्धन. धोपावे-दाभोळ आणि वेशवी-बागमांडला अशा दोन फेरीबोटी झाल्या की माहेर. यंदा आरती झाल्यावर पडवीत पानसुपारी चालली होती आणि नेहमीप्रमाणे वाटणीचा विषय निघाला. (आमच्याकडे मोदकांइतकाच तो ठरलेला.) मी एवढंच म्हटलं, की सह्या करण्याआधी कागद वकिलाला दाखवा. तर चुलत दीर म्हणाले, “वहिनी, तुम्ही गुहागरच्या. तुमच्या हातात कागद द्यायचा म्हणजे भीतीच हो!” पडवी खो खो हसली. मीसुद्धा हसले. रात्री मात्र डोळा लागेना.

ज्यांना कळलं नाही त्यांच्यासाठी: कागदावर ‘ध’ चा ‘मा’ केला म्हणतात ती आनंदीबाई गुहागरच्या ओकांची लेक. दिली राघोबादादांना, म्हणजे रघुनाथराव पेशव्यांना, आणि पेशवे मूळचे आमच्या श्रीवर्धनचे भट. म्हणजे विनोदाची दोन्ही टोकं आमच्याच घरात.

नारायणराव पेशव्याचा तो खून सगळ्यांना माहीत असतो आणि कुणालाच नीट माहीत नसतो. ३० ऑगस्ट १७७३, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. अनंत चतुर्दशीचा आदला दिवस. शनिवारवाड्यात गणपती बसलेला. पेशवा नारायणराव अठरा वर्षांचा. त्याचे थोरले भाऊ, पेशवे माधवराव, आदल्या नोव्हेंबरात थेऊरला वारले आणि या पोराच्या डोक्यावर सगळं आलं. सख्खा काका रघुनाथराव त्याच वाड्यात नजरकैदेत. पगार थकला म्हणून गारदी, म्हणजे भाडोत्री शिपाई, भरदुपारी आत घुसले, सुमेरसिंग गारदी पुढे. पोरगा धावत काकाच्या खोलीत गेला, त्याच्या पायाशी. तिथेच त्याला तोडला. मध्ये पडलेला चापाजी टिळेकरही गेला.

हे एका दिवसात घडलेलं नाही. पानिपतानंतर नानासाहेब गेले तेव्हापासून दादांना राज्यात वाटा हवा होता. १७६२ मध्ये आळेगावला काका-पुतण्या फौजा घेऊन समोरासमोर उभे राहिले, १७६८ मध्ये धोडपला माधवरावांनी काकाला हरवून पुण्याला आणून बसवलं. अटकेपर्यंत धडक मारलेला माणूस, आणि आता दारावर पहारा. शनिवारवाड्याच्या जागी आमचं कौलारू घर ठेवा, फौजांच्या जागी वकील. मला तर काही फरक दिसत नाही.

आता माझा मुद्दा. एवढ्या मोठ्या खुनाची मराठीत दोनच वाक्यं उरली. ‘काका मला वाचवा’ आणि ‘ध’ चा ‘मा’. दोन्ही तोंडाने म्हणून बघा. पहिल्यात काका वाचवणारा आहे. दुसऱ्यात काकू मारणारी आहे. ज्याच्यासाठी खून झाला, ज्याला त्यातून गादी मिळाली, तो दोन्हीतून अलगद सुटला!

आनंदीबाईंनी ‘धरावे’चं ‘मारावे’ केलं असं आपण शाळेपासून ऐकतो. तो कागद कुठे आहे? आजवर कुणी समोर ठेवलेला नाही. बाई साध्या होत्या असं माझं म्हणणं नाही. राजकारण कळणारी, नवऱ्यासाठी शेवटपर्यंत भांडणारी बाई होती ती. असेलही तिचा हात. पण ज्याचा पुरावा नाही ते अक्षर आपण अडीचशे वर्षं घोकतो, आणि ज्याचा निवाडा झाला तो विसरतो. पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली, रघुनाथरावांना दोषी धरलं, ते पेशवे असताना. आणि रामशास्त्री पुणं सोडून निघून गेले. ‘रामशास्त्री बाणा’ म्हणून त्यांचं कौतुक अजून करतो आपण. बाणा ठेवला, निकाल टाकून दिला.

गंगाबाईचं तर नावही कुणी घेत नाही. नारायणरावाची बायको, खुनाच्या वेळी पोटुशी. दादांविरुद्ध एकवटलेल्या कारभाऱ्यांनी, म्हणजे बारभाईंनी, तिला पुरंदरावर नेलं, १८ एप्रिल १७७४ ला मुलगा झाला, चाळीस दिवसांच्या त्या सवाई माधवरावाला पेशवाईची वस्त्रं मिळाली. एका बाईमुळे घर बुडालं म्हणायचं तर एका बाईमुळे ते सावरलं असंही म्हणावं लागेल. पण तशी म्हण कुणी केली नाही.

आणि दादांनी पुढे काय केलं? गादी हातची गेली तशी इंग्रजांकडे गेले. ६ मार्च १७७५ चा सुरतेचा तह. फौजेच्या बदल्यात साष्टी आणि वसई इंग्रजांना लिहून दिली. वसई! १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून ती घेतली चिमाजीअप्पांनी, म्हणजे याच राघोबादादांच्या सख्ख्या काकांनी. काकाने कमावलं ते पुतण्याने कागदावर सोडलं. १७८२ च्या सालबाईच्या तहानंतर साष्टी इंग्रजांकडेच राहिली. अंधेरी-बोरिवलीच्या फ्लॅटमधून गणपतीला गावी येणारे आमचे चाकरमानी त्याच साष्टीत राहतात. त्या कागदावर ‘ध’ नव्हता, ‘मा’ नव्हता, दादांची सही होती.

हे सगळं डोक्यात यायचं कारण आमच्या धाकट्या काकू. माझे सासरे आणि त्यांचे धाकटे भाऊ बावीस वर्षं बोलत नाहीत. एकाच ओटीवर दोन चुली, एकाच माजघरात मधे पत्रा, आणि गणपतीही दोन. सुपारीच्या आगरासाठी कोर्टात दावा चालू आहे. घरात कुणालाही विचारा, उत्तर एकच: “धाकटीने घर फोडलं.” मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकते, इतके दिवस मानतही होते. गेल्या वर्षी दाव्याच्या कागदांच्या झेरॉक्स काढायला मलाच पाठवलं होतं. दुकानाबाहेर बाकड्यावर बसून सगळी फाइल वाचली. सामायिकातल्या वाटणीचा अर्ज सासऱ्यांचा, त्यावर हरकत काकांची. साक्षीदार तिघे, तिन्ही पुरुष. धाकट्या काकूंचं नाव कुठल्याही पानावर नाही. सातबाऱ्यावर तर नाहीच.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, “कागदावर नसेल, पण आतून फूस तिचीच.” घ्या.

विसर्जनाच्या दिवशी दोन्ही गणपती एकाच वेळी निघाले, दहा पावलांच्या अंतराने. सासरे पुढे, काका मागे, मधे ढोल. समुद्रावर काकूंनी कुणाचं लक्ष नाही बघून माझ्या हातात रोठ्याच्या सुपाऱ्यांची पुडी ठेवली. “तुझ्या आईला दे हो गुहागरला, कात्रायला बऱ्या आहेत,” म्हणाल्या. सुपाऱ्या दाव्यातल्या आगरातल्याच असणार. मी पदराखाली घेतल्या.

पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे.