सगळं काळंच कशाला लागतं रे तुम्हा कॅमेरा बनवणाऱ्यांना?

भंडारदऱ्याला काजव्यांच्या रात्री ट्रायपॉडची प्लेट हरवली. तेव्हापासून डोकं सटकलंय.

दोन किलोचं धूड पाठीवर वाहून नेलं. जूनचा पहिला आठवडा, पाऊस अजून लागलेला नाही, हिरड्या-सादड्याची झाडं नुसती लुकलुकतायत. वीस-तीस सेकंदांचं एक्स्पोजर, तेवढा वेळ शटर उघडं, म्हणजे कॅमेरा केसभरही हलता कामा नये. आणि कॅमेऱ्याच्या बुडाला पाव इंची स्क्रूने बसणारी ती टिचभर प्लेट, जिच्याशिवाय ट्रायपॉड म्हणजे नुसती तीन पायांची काठी, तीच गायब! घरून निघताना मी स्वतः आवळली होती. घाटात गाडी हादरून हादरून स्क्रू ढिला झाला असणार आणि बॅगेतून कॅमेरा काढताना ती पडली गवतात.

शोधणार कशी? टॉर्च लावायची सोय नाही. काजव्याचा नर त्या उजेडाने मादीला खुणावतो, त्यात आपण झोत मारला की बिचाऱ्यांचा सगळा विचका. तासाभरापूर्वी मीच एका टोळक्यावर मोबाइलच्या टॉर्चवरून डाफरलो होतो. आता कुठल्या तोंडाने लावू? बसलो गुडघ्यांवर, मिट्ट काळोखात काळी प्लेट चाचपत. हाताला लागलं ते शेण.

अरे पण काळीच का? लेन्सची नळी आतून काळी हवी, नको तिथे प्रकाश उसळू नये म्हणून, हे कळतं मला. पण लेन्सच्या टोपणाला काय धाड भरलीय? त्याच्या आत फोटो निघतो का? टोपण काळं, मागचं झाकण काळं, प्लेट काळी, फ्लॅशच्या खाचेवरचं ते नखाएवढं प्लॅस्टिक काळं (ते तर पहिल्या महिन्यातच जातं, त्याचं सुतक मी केव्हाच सोडलंय), आणि माझ्या बॅगेचं अस्तरही काळं. वीस रुपयांच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण निळं असतं हो!

वर टोपणांची मापं तरी एक असावीत. ५२, ५८, ६७, ७७ मिलिमीटर. घरात चार लेन्स, सहा टोपणं, आणि हवं ते कधीच नाही. सगळ्यात छोटं, ४०.५चं, भाचा कॅरमचा स्ट्रायकर म्हणून वापरताना सापडलं.

‘टोपणाला दोरी लाव की’ म्हणणाऱ्या शहाण्यांनो, लावली होती. सिंहगडावर वारा सुटला तसं ते टोपण लेन्सवर टकाटक आपटायला लागलं. मे महिन्यात बंद गाडीत टोपणावर चिकटवलेल्या दोरीच्या चकतीचा गोंद वितळला; दोरी राहिली, टोपण गेलं. आता उरलेल्यांवर बायकोचं केशरी नेलपॉलिश फासलंय. हसा लेको.

त्या रात्री शेवटी कॅमेरा दगडावर ठेवला, खाली चप्पल आणि गुंडाळलेलं जॅकेट. फोटो आले, झाडं सगळी डावीकडे कललेली.

परत आल्यावर दुकानात गेलो. दुकानदार मान वर न करता म्हणाला, “या मॉडेलची प्लेट सुटी येत नाही साहेब, अख्खं हेडच, म्हणजे ट्रायपॉडचं डोकंच, घ्यावं लागेल.”

चपलेचा अंगठा तुटला म्हणून कुणी नवा पाय घेतो का हो?